नगरसेवकाची काठी

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मी अजून त्या एका व्यंगचित्रापाशीच अडकले आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंबडजवळच्या कामगार वस्तीत नळ येणार, येणार म्हणत तीन उन्हाळे गेले होते. तुम्ही संपादक, मी तुमच्या दैनिकात नुकती लागलेली, आणि तिथल्या नगरसेवकाचं चित्र घेऊन तुमच्या टेबलाशी उभी. पोलिओमुळे तो काठी टेकत चालायचा. मी त्या काठीचाच कोरडा नळ केला होता, खाली हंडे घेतलेल्या बायकांची रांग. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता. "काठी काढून टाक. माणसाच्या कामावर हसायचं, पायावर नाही." मी म्हणते, "सर, काठी काढली तर चित्रात उरतं काय?" तुम्ही चित्राकडे बघता, मग माझ्याकडे, आणि कोपऱ्यात सही करून ते छपाईला पाठवता.

चित्र गाजलं. द्वारका चौकातल्या पानटपऱ्यांवर लोकांनी ते चिकटवलं, आणि महिनाभरात वस्तीत पाइप पडले. मग एका दुपारी तो नगरसेवक आपल्या दैनिकाच्या कचेरीचे दोन जिने चढून आला, धापा टाकत. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. तो एवढंच म्हणाला, "पाण्याचं माझं चुकलंच, मॅडम. पण शाळेत पोरीला 'नळाची पोरगी' म्हणतात. ती आता माझ्याबरोबर बाहेर येत नाय." तुम्ही त्याला खुर्ची दिलीत, चहा मागवलात. मी माफी मागितली नाही. तो गेल्यावर तुम्ही रागवाल म्हणून थांबले, तर तुम्ही विचारलंत, "उद्यासाठी काय काढते आहेस?"

म्हणजे काय होतं ते, सर? क्षमा केलीत, की माझा नाद सोडलात? आणि पटलं नव्हतं तर सही का केलीत? विचारायचं राहूनच गेलं. अजून त्या वस्तीत गेले की नळाखाली भरणारी बादली बघून वाटतं, बरोबर केलं. परतताना तसं वाटत नाही. दोन्ही खरं कसं असेल, मला कळत नाही. हे लिहून तुमच्या मुलीला नेऊन द्यायचं ठरवलं होतं, पण नाही देणार. हल्ली मी व्यंगचित्र शिकवते, वर्गात तेच चित्र दाखवते, आणि कुणीतरी काठीबद्दल विचारतंच. मी सांगते, संपादकांनी ठेवायला लावली होती.