चार भाकऱ्या

बुधवार, १२ नोव्हेंबर. केडगाव.

हे नागापूरच्या कारखान्यातून ड्युटी संपवून आले की आम्ही दोघं ओट्याजवळच जेवायला बसायचो. शेवटची भाकरी मोडून अर्धी माझ्याकडे सरकवायचे, मग गल्लीच्या टोकापर्यंत शतपावलीला न्यायचे. यांना जाऊन दोन वर्षं झाली. शतपावली सुटली. भाकऱ्या मात्र अजून चारच थापते.

आज डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला. साखर अगदी काठावर आहे, आत्ताच सांभाळलं तर कदाचित गोळी लागणार नाही, म्हणाल्या.

"काकू, भाकऱ्या किती खाता?"

"चार."

"चार? खुरपायला जाता का कुणाच्या शेतात?"

मी हसले. उरलेलं टाकवत नाही, हे कसं सांगणार? लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात पानातलं संपल्याशिवाय सिस्टर उठू देत नसत, ती सवय. पण खरं कारण तेच का? चार भाकऱ्या झाल्या की कुणीतरी जेवायला यायचं आहे असं वाटतं. कुणी येत नाही, मग त्या येणाऱ्याच्या वाटच्याही मीच खाते.

आजारी पडले तर पाणी द्यायलाही कुणी नाही. याचीच भीती वाटते.

आज दोनच थापल्या. जेवून एकटीच गल्लीच्या टोकाला जाऊन आले.

उद्या करायचं: मोठी परात आणि पाच लिटरचा कुकर शेजारच्या सुनीताला, तिच्याकडे सहा माणसं आहेत. दिवाळीचे उरलेले लाडू कामाला येणाऱ्या मंगलच्या मुलींना. यांचं नाव कोरलेली लहान ताटली मला. यापुढे तिच्यात मावेल तेवढंच.