गोऱ्या पोरीचं ताट

आय, धाकटीला काय झालं होतं ते अखेर कळलं. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, मी एक्कावन्नची झाले, ती पंचेचाळीसची, आणि आता कळलं. मी तिला पाडलं म्हणून ती खुळी झाली नाही. हे वाक्य पुन्हा लिहिते, कारण तू समोर असतीस तर पहिल्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतंस. मी तिला पाडलं म्हणून ती खुळी झाली नाही. जन्मल्यापासून तिच्या अंगाला एक गोष्ट झेपत नव्हती, आणि ती गोष्ट तू तिला रोज मांडीवर घेऊन, लाडाने, घास करून भरवलीस.

कळलं ते असं. माझ्या मुलीला मुलगी झाली, दीड वर्ष होईल आता. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी इस्पितळात बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. आम्हाला वाटलं, हे हल्लीचं काहीतरी फॅड. आठवड्याने फोन आला, बाळाला घेऊन ताबडतोब या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. म्हणाल्या, डाळ, दूध, अंडं, मासळी, जे जे आपण ताकदीचं म्हणून खातो त्यात प्रथिनं असतात, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. आपल्या रोझरीसारखीच, फक्त मणी वीस तऱ्हेचे. हे ऐकून तुझा जावई मध्येच बोलला, "अमिनो? ते तर मी केळीला मारतो!" खरंच मारतो. मासळीची डोकी, आतडी नि गूळ पिंपात महिनाभर कुजवतो, गाळून पाण्यात घालतो आणि वाडीभर फवारतो, दोन दिवस घरात उभं राहवत नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, तेच ते, पण झाडाला तुमचं मिळालं नाही तरी ते सगळे मणी आपले आपण घडवतं. माणसाला त्यातले काही घडवता येत नाहीत, तोंडानेच घ्यावे लागतात. त्यातला एक मणी तुमच्या बाळाच्या अंगाला मोडता येत नाही. फेनिलअॅलानिन त्याचं नाव. मी वहीत लिहून पाठ केलंय. तो रक्तात साचत जातो, मेंदूत शिरतो आणि वाढत्या पोराच्या मेंदूची माती करतो. आजच कळलंय, आजपासून मोजून खाऊ घातलंत तर ही पोर शाळेत जाईल, कॉलेजात जाईल, काही होणार नाही.

माझी मुलगी रडायला लागली. मग बाईंनी विचारलं, आईच्या किंवा वडिलांच्या घरात कुणी मतिमंद आहे का? लहानपणी गोरं, भुऱ्या केसांचं? अंगाला उंदरासारखा वास येणारं? आय, बाई समजावत होत्या की अंगातला, केसांतला रंगही शरीर त्याच मण्यापासून पुढे बनवतं, तो मोडला नाही तर रंग धरत नाही. आणि मला तुझा आवाज ऐकू येत होता. "बघा, बघा, कशी फिरंग्यासारखी आहे माझी बाय!"

बाप्तिस्म्याचा दिवस मला आठवतो. मी सहा वर्षांची. तू नवं लुगडं नेसून बाळ असं धरून उभी आहेस की सगळ्या गिरीज गावाला दिसावं. धाकटीचे केस मक्याच्या तुऱ्यासारखे. आपण सगळे काळेसावळे, बाबा तर तव्याचं बूड, आणि ही अशी. तिची धर्ममाता म्हणते, "चारशे वर्षांनी पोर्तुगीज उगवला गं तुझ्या घरात!" तू हसतेस. इतकी हसलेली मी तुला ना आधी पाहिली, ना नंतर. मग माझ्याकडे बोट दाखवून तू म्हणतेस, "ही काळुंद्री माझी, आणि ही राणी पण माझी, देवाची करणी!" बायका खिदळतात. मीही हसते, कारण सगळे हसतात. तो रोगाचा रंग होता, आय. ज्या गोरेपणावर तू वर्षभर रस्त्याने मान वर करून चाललीस, तो रोगाचा रंग होता. आणि वास? पाळण्याजवळ उंदरांचा वास येतो म्हणून तू पेटारा हलवलास, कोनाडे धुतलेस, पाळण्याखाली सापळा लावलास. त्यात सुक्या बोंबलाचा तुकडा. एकही उंदीर सापडला नाही. उंदीर पाळण्यात होता, आणि तू त्याला पावडर लावत होतीस.

मग मी पाडलं. तेही सांगते, लपवायचं कशाला. ती वर्षाची होत आली होती, बसतही नव्हती नीट. तू वाडीत केळीचे घड उतरवायला गेली होतीस. मी तिला कडेवर घेऊन ओट्यावर उभी होते, ती मागे झुकली आणि निसटली. टेंगूळ आलं. रक्तसुद्धा आलं नाही. दोन दिवसांत टेंगूळ उतरलं. पण पुढे ती चालेना, बोलेना, आल्यागेल्याकडे बघेना, तेव्हा तुला कारण हवं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "ह्या काळीने पाडली माझी बाय. जळत होती तिच्यावर, मुद्दाम सोडली." हे तू शेजारणींना सांगितलंस, मास्तरांना सांगितलंस, फादरांना सांगितलंस. मला हाताला धरून देवळात नेलंस आणि कबुलीच्या जागी ढकललंस. "सांग, मुद्दाम सोडली म्हणून सांग." मी आठ वर्षांची होते. सांगितलं. न केलेल्या पापाची कबुली दिली आणि प्रायश्चित्त म्हणून पाच वेळा नमो मरिया म्हटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आणि अंडं. आपल्या चार कोंबड्या होत्या. त्या दिवसापासून माझ्या वाट्याचं अंडं तू धाकटीच्या ताटात टाकायला लागलीस. "तू तिचं डोकं फोडलंस, तुझ्या वाट्याचं तिला जाईल, त्यानेच भरून येईल." रोज सकाळी मी चुलीसमोर पेज पीत बसलेली, आणि तू तिला दोन अंडी कुस्करून भरवतेस, वर दूध. ती तोंड फिरवते, थुंकते, तू तिचे गाल दाबून घशात लोटतेस. संध्याकाळी डाळ, मासळी. जितकी ती मंद, तितकं तू जास्त. जितकं तू जास्त, तितकी ती मंद. तिसऱ्या वर्षी आकडी आली तेव्हा तू तिसरं अंडं सुरू केलंस. एकदा मी ताटातलं बोटभर पिवळं चाटलं तर उलथणं तापवून माझ्या पोटरीला लावलंस. डाग अजून आहे. "बहिणीच्या तोंडचं खातेस, रांडे?" म्हणालीस. मी खाल्लं असतं ना, आय, रोज चोरून सगळं खाल्लं असतं, तर आज ती एखाद्या शाळेत शिकवत असती. भीतीने खाल्लं नाही. तूही कधी अंड्याला हात लावला नाहीस, हे खरं आहे, तेही लिहिते. तू पेज नि सुकटीची चटणी खाऊन चार माणसांचं काम करायचीस. पण मी काही तुझ्या उपासाची आरती ओवाळणार नाही.

न कळण्याची मी तुला माफी देते. तेव्हा गिरीजमध्ये कुणाला कळणार होतं? वैद्याला कळलं नाही, माणिकपूरच्या डॉक्टरला कळलं नाही. आमच्यात पोरी द्यायच्या त्या याच दहा गावांत, तेच तेच रक्त फिरत राहतं, त्याला तू काय करणार. पण माझ्यावर ढकललंस त्याची माफी नाही. मला बघायला आलेल्या तीन घरांना तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस की हिने बहिणीला अधू केलं. चौथ्याने तरी लग्न केलं, तो बिचारा ऐकायला कमी होता म्हणून असेल. मरताना माझा हात धरलास तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलशील. तू म्हणालीस, "तू केलंस, तूच निस्तर." आणि मी मूर्ख, ते निस्तरत बसले. एकोणीस वर्षं तिला धुतलं, पुसलं, तिचे गुद्दे खाल्ले, प्रत्येक वेळी मनात म्हटलं, माझंच पाप आहे.

बाळाचं निघाल्यावर धाकटीचंही रक्त तपासलं. तेच निघालं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, पडल्यामुळे नाही ना? त्या म्हणाल्या, "पडल्यामुळे? छे हो, कोण म्हणालं?" इस्पितळाच्या बाकावर बसून मी हसले. मोठ्याने हसले. माझ्या मुलीला वाटलं, मला काहीतरी झालं. आय, तुझ्या थडग्यावर जाऊन थुंकावं असं वाटलं त्या दिवशी. गेलेही होते. मेणबत्ती लावून आले, सवय जात नाही.

बाई म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही, पण आताही पथ्य केलंत तर ती शांत होईल. म्हणून माझ्या घरात आता वजनकाटा आहे. धाकटीला भात मोजून, भाजी मोजून, साबुदाणा, फळं, आणि त्या एका मण्याशिवाय बाकीचे सगळे असलेली एक पावडर, तिचा वास असा की नवऱ्याचं केळीचं पाणी परवडलं. अंडं बंद, दूध बंद, डाळ बंद, मासळी बंद. चार महिन्यांत फरक पडला, खोटं कशाला बोलू. कपाळ भिंतीवर आपटायची ते थांबलं. अंगावरची खाज गेली. चांगली झोपते. दोन शब्द बोलायची ती आता पाच-सहा शब्द जोडते. आणि पहिलं अख्खं वाक्य काय बोलली ठाऊक आहे? तुझ्या फोटोकडे बोट करून म्हणाली, "आय चांगली. आय अंडं द्यायची. तू वाईट." तेव्हापासून रोज तेच. ताट ढकलते, पावडर माझ्या अंगावर ओतते, आणि जेवायच्या वेळी तुझा फोटो मांडीवर घेऊन बसते. जिने तिची माती केली तिला पापे, आणि जी उकरून बाहेर काढतेय तिला शिव्या. मी तिला समजावलं. ओरडून समजावलं. आयने तुला खुळी केली, आयने! तिने माझ्या तोंडावर हात ठेवला, मी तुला वाईट बोलू नये म्हणून.

मला काय हवं होतं, आय? फार नाही. तू माया नाही दिलीस, तर निदान तिने तरी एकदा माझ्याकडे तशी मान तिरकी करून बघावं, जशी तुझ्याकडे बघायची. आयुष्यभर जिची मी पापी, तिने एकदा मला चांगली म्हणावं. दुसरं काही मागितलं नव्हतं मी कुणाकडे.

गेल्या रविवारी मिस्साहून आले. मुलगी-जावई बाळाला घेऊन गासला गेलेले, नवरा वाडीत. मी माझ्यापुरती मांदेली तळत होते. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मागितलं नाही, हात पुढे केला नाही, नुसती बघत राहिली. मी एक मांदेली फुंकर मारून तिच्या तोंडात घातली. मग दुसरी. सहा खाल्ल्या तिने. मग तेलकट हाताने माझा गाल धरला, मान तिरकी केली आणि म्हणाली, "आय." मी ओ दिली. तुला ठाऊक नव्हतं, आय. मला ग्रॅमासकट ठाऊक होतं.

सोमवारी अंडं दिलं. काल दूधभात कालवून दिला, मांडीवर डोकं घेऊन. आज सकाळपासून ती पुन्हा कपाळ आपटतेय, आणि मधेच थांबून माझ्याकडे बघून हसतेय. हा कागद तुला पाठवायला पोस्ट नाही, आणि असतं तरी हा शेवटचा भाग मी फाडून ठेवला असता. शुक्रवारी तिचं रक्त द्यायचं आहे. आकडा वर गेलेला दिसेल आणि माझी मुलगी विचारेल. भांड्यांना एक बाई येते आमच्याकडे, धाकटीचे केस विंचरते, तिच्याशी गप्पा मारते. तिनेच काहीबाही भरवलं असेल, असं मी सांगणार आहे. बाई गरीब आहे, उलटून बोलायची नाही.