साठीपुढचा कोरा रकाना

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घालते आहे, तोही अर्धाच, दर दोन ओळींनी उठून खिडकीपर्यंत जाऊन येते.) तुमचा गुडघा कसा आहे हे विचारणार होते, पण वयाशी संबंधित काही लिहिलं की तुम्ही पत्र पुढे वाचत नाही, म्हणून विचारलं नाही असं समजा.

तर आमच्या संस्थेतला माहिती-साधन व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजे तीन वर्षांपूर्वी तुम्ही पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालात तोच. (फायली असोत की संगणक, माहिती नीट लावून ठेवायची आणि हवी तेव्हा चुटकीसरशी काढायची विद्या.) त्याबद्दल वरच्या कार्यालयाने विचारलं की आजवर उत्तीर्ण झालेले कोण, किती वयाचे, बायका किती, पुरुष किती, आता काय करतात? ही माहिती आमच्याकडे होती, फक्त कुठे होती ते कुणालाच माहीत नव्हतं. चार दिवस मी आणि शिपाई कपाटं उपसत होतो. अर्जांचा गठ्ठा शेवटी सापडला संचालकांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. मग सदतीस जणांना फोन. एकाला वाटलं आम्ही प्रमाणपत्र परत मागतोय, तो गयावया करायला लागला. एक जण बेकरीची गाडी चालवतो, पण ट्रे तारखेप्रमाणे लावतो म्हणून त्याला माहिती व्यवस्थापकच लिहा असा हट्ट. लिहिलं. एका बाईंनी अर्धा तास सुनेबद्दल सांगितलं. सुनेसाठी रकाना नव्हता, ते शेऱ्यात घातलं.

सगळं भरलं, आणि ‘साठ व पुढे’ हा रकाना कोरा राहिला. अनुदान मिळतं ते ‘सर्व वयोगटांसाठी’ या दोन शब्दांवर. रकाना कोरा गेला तर अभ्यासक्रम बंद, आणि त्याच्याबरोबर मीही. मला भीती वाटते, मामा. पगार जाईल याची वाटतेच, पण पुन्हा दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत बसायची जास्त वाटते.

तेवढ्यात तुमचा अर्ज हाती आला. वय: एकोणपन्नास. मामा, तेव्हा तुम्हाला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती! तुमचा दादा तेव्हा अडतीसचा होता, म्हणजे अकराव्या वर्षी तुम्ही बाप झालात. इतका कर्तबगार माणूस आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तरी मोठ्या मनाने खरं वय कळवा, एवढीच विनंती.

तुमची भाची

ता. क. खरं सांगायचं तर तक्ता कालच गेला. तुमचा जन्मदाखला मामींनी दिला, मागितल्याबरोबर. तुम्ही एकोणपन्नासचे झालात तेव्हापासून त्यांना शेजारपाजारी पंचेचाळीसच्या म्हणून वावरावं लागतं. जिन्यात धाप लागली तरी थांबायची सोय नाही. शनिवारी अकराला वरचे साहेब साठीपुढचा विद्यार्थी प्रत्यक्ष बघायला येणार आहेत. कृपा करून केसांना कलप न लावता या.

आणखी एक. मामींनी पुढच्या तुकडीसाठी अर्ज भरला आहे. जन्मतारीख खरी लिहिली आहे. लग्न ठरताना तुमच्या घरी सांगितलेली नव्हे. आधी बसून घ्या. त्या तुमच्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत.