नाक लाल, माणूस कोरडा

३ मार्च
दुकानात मी चालवतो त्या शाळेच्या बसमधल्या एका पोरीची आई माझ्या नाकाकडे बघत हळूच म्हणाली, "काय कोलमन, सकाळी सकाळीच?" एकोणतीस वर्षांत थेंब घेतलेला नाही मी! अख्ख्या किलरश गावात एवढा कोरडा ड्रायव्हर दाखवा. रागावलो नाही. फक्त अंडी तिथेच टाकून आलो.
बायकोची, ब्रीडीची, खाजेची स्टेरॉइड ट्यूब चोपडली. आठवड्यात चेहरा साफ होणार.

१० मार्च
चेहरा बीट. ट्यूबवाल्यांना कोर्टात खेचणार.

११ मार्च
डॉ. ऑर्लाने ट्यूब सरळ कचऱ्यात टाकली. म्हणे, तिच्यामुळेच आणखी भडकलं. याला रोझेशिया म्हणतात. तोंडावरच्या बारीक रक्तवाहिन्या जरा काही झालं की फुगतात, मग फुगलेल्याच राहतात. कातडीत सूक्ष्म किडे सगळ्यांच्याच असतात. माझ्याकडे वस्ती जास्त, आणि शरीर त्यांच्यावर नको तितकं चवताळतं. मूळ कारण पक्कं कुणालाच ठाऊक नाही. पण आम्हा गोऱ्या आयरिश लोकांत घराण्यातून येतं. वडिलांचं नाक विचारलं. लाल. आजोबांचं? कंदील.
दारूचा संबंध नाही! लेखी घेतलं.
गरम चहा, ऊन, वारा टाळा म्हणे. समुद्रकाठच्या या क्लेअर परगण्यात वारा टाळायचा तर राहायचं कुठे, विहिरीत? वर म्हणते, राग टाळा. राग? मला? टेबल जरा जोरात वाजलं असेल.

१२ मार्च, पहाटे
संकल्प: चहा कोमट. आवाज कोमट.

१२ मार्च, सकाळी ८
चहा ओतून टाकला. कोमट चहा म्हणजे गटार.

१६ मार्च
मी पिऊन बस चालवतो अशी तक्रार गेलीच. बसचा मॅनेजर मॅलाकी म्हणाला, दारू तपासायच्या यंत्रात फुंक. फुंकलं. शून्य! आता माफी मागायला लावणार सगळ्यांना. समोर दोन पालकही होते. त्यांना रक्तवाहिन्या, किडे, आजोबा, सगळं नीट, शांतपणे समजावलं. ब्रीडीला म्हणे रस्त्यापलीकडे ऐकू आलं.
मॅलाकी म्हणाला, "दारूचं मिटलं, कोलमन. पण पोरं तुझ्या ओरडण्याला घाबरतात, ती तक्रार जुनीच आहे. महिनाभर घरी बस."

१८ मार्च
बस दारावरून गेली, चालवायला दुसराच. आतून पोरांच्या गाण्याचा आवाज. माझ्या बसमध्ये कधी कुणी गायलं नाही.
ब्रीडीला विचारलं, मी खरंच ओरडतो का गं?
ती म्हणाली, "आत्ता विचारलंस ना, तेवढंच हळू बोललास."