मालागाला जाणारा टांगा

१५ नोव्हेंबर १९५३, रविवार
शरदचंद्राचं पत्र आलं. धाकटा भाऊ माझा, बोटीवर वायरलेस ऑपरेटर आहे. लोखंडी शिडीवरून पडला, पाय दोन ठिकाणी मोडला. त्याला स्पेनमधल्या मालागा नावाच्या बंदरात हॉस्पिटलात ठेवून बोट पुढे गेली. नर्सबायांना इंग्रजीसुद्धा येत नाही. खाली एकच ओळ: दादा, इथे माझं कुणी नाही.
वायरलेसचा कोर्स कर, बोटीवर जा, जग बघ, हे त्याच्या डोक्यात मीच भरवलं होतं. दुपारी जेवण गेलं नाही.
सायं. ५. निर्णय झाला. मी जातीने जाऊन त्याला घेऊन येणार.

१६ नोव्हेंबर
वृंदा म्हणते, आधी भाऊजींच्या पत्राला उत्तर तरी टाका. हिला टप्पे कळत नाहीत. आधी मार्ग, मग तारीख, मग पत्र.
अंबरनाथला फॅक्टरीत साहेबांकडे रजेचं बोलणार होतो. साहेब कामात होते. निदान दार तरी बंद होतं.

२२ नोव्हेंबर, रविवार
उल्हासनगर, कॅम्प तीन. तोलाराम नावाच्या सिंधी रद्दीवाल्याकडे स्पेनचं इंग्रजी गाइडबुक सापडलं. सन १९१२. मालागाचा घडीचा नकाशा शाबूत! तोलारामने विचारलं, साईं, घूमने जा रहे हो? म्हटलं, भावाला आणायला. त्यावर तो पुस्तकाचं मोल घेईचना. त्याचाही एक भाऊ कराचीला राहून गेलाय. "ले आओ उसको," एवढंच म्हणाला आणि पुस्तक कागदात बांधू लागला. मला उगीचच भरून आलं.
परतताना वाट चुकून कॅम्प एकमध्ये निघालो. अखेर एका सिंधी बाईंनी स्टेशनपर्यंत आणून सोडलं. कॅम्पांची आखणीच सदोष आहे. मालागात असं होणार नाही.

२९ नोव्हेंबर
मार्ग पक्का. मुंबईहून बोटीने सुवेझवरून फ्रान्सचं मार्सेय बंदर. तिथून रेल्वेने सरहद्द. सरहद्दीवर गाडी बदलायची, कारण स्पेनचे रूळ जास्त रुंद. (आमच्या अख्ख्या ऑफिसात हे फक्त मला माहीत आहे.) पुढे बार्सिलोना, माद्रिद, बोबाडिला जंक्शन. बोबाडिला म्हणजे तिकडचं कल्याण. मालागा स्टेशनवरून बंदराकडे ट्राम. बंदरापाशी ट्राम बदलायची, दुसरी समुद्राच्या कडेकडेने पूर्वेला जाते.
हॉस्पिटलवर पेन्सिलीने फुली मारली. ते नेमकं कुठे आहे हे शरदने कळवलेलं नाही, पण फुली बरोबर वाटते.

६ डिसेंबर
पासपोर्टच्या फॉर्मला फोटो हवा. कॅम्प चारमध्ये काढला. चेहरा घाबरल्यासारखा आलाय. असा फोटो सरकारदरबारी देणं बरं नव्हे. पुन्हा काढीन.

१३ डिसेंबर
नकाशावरचे रस्ते आणि चौक पाठ. वृंदाला न अडखळता म्हणून दाखवले. तिने पासपोर्टचं विचारलं. मधेच भलता विषय काढायची तिला सवयच आहे.
शरदला पोचवायला धक्क्यावर गेलो होतो, तेव्हाची गोष्ट आठवली. बोटीला लावलेल्या फळीवर दोन पावलं टाकून मी मागे फिरलो होतो. खाली पाणी हलत होतं. त्या दिवशी उपास होता, त्याने चक्कर आली असणार.

२८ डिसेंबर
शरदचं दुसरं पाकीट. उघडलं नाही. पाय कापला असं असेल तर? माझ्याने ते वाचवणार नाही. शिवाय तयारी ऐन भरात असताना मन डळमळायला नको. पाकीट गाइडबुकात ठेवलं, खुणेला बरं पडतं. वृंदाने ते पुस्तक दोनदा माझ्यापुढे आणून ठेवलं.

१४ जानेवारी १९५४
संक्रांत. तिसरं पाकीट. तिकिटावर इंग्लंडची राणी, शिक्का एडनचा. टपालाचं विमान तिथे तेल भरायला उतरत असेल.
वृंदाने हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही उघडता का मी उघडू?" पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घातलं. रविवारी प्रवासाची रंगीत तालीम आहे, ती झाली की वाचीन, असा शब्द दिला.

१७ जानेवारी, रविवार
दु. २. तालीम सुरू. आमचं बदलापूर स्टेशन म्हणजे मालागा स्टेशन. उल्हास नदी म्हणजे समुद्र. जनूचा टांगा म्हणजे ट्राम. रविवारी दुपारी स्टेशनवरून गावाकडे जाणारा हा एकच टांगा, तो सबंध ठरवला. एरवी चार पाशिंजर भरल्याशिवाय जनू लगाम हलवत नाही. ट्राम कुणासाठी थांबत नाही, हे त्याला दोनदा समजावलं.
२.२०. गाडी आली. नकाशावर ऊन येतं म्हणून मी स्टेशनकडे पाठ करून बसलोय. जनू म्हणाला, "दादा, येक लंगरा मानूस उतारलाय. कुबऱ्या हायेत, पेटी बी हाय. घेव का त्याला?" मी म्हटलं, वेळ म्हणजे वेळ, चल. एकाची दया केली की सगळं वेळापत्रक कोलमडतं.
३.००. बंदर. म्हणजे नदीकाठचं वळण. इथे ट्राम बदलायची, म्हणून उतरून पुन्हा त्याच टांग्यात चढलो. जनू माझ्याकडे बघत राहिला.
४.१५. काठाकाठाने लांबचा फेरा घेऊन हॉस्पिटल. म्हणजे गावाबाहेरचा वड. एकदाही चुकलो नाही! या घडीला मी जगात कुठेही जाऊ शकतो.

सायं. ६.
घरी आलो तर ओट्याला दोन कुबड्या टेकवलेल्या. शरद बसला होता. दाढी वाढलेली. पाय आहे, पण आखूड झालाय. वृंदा गरम पाण्यात फडकं पिळून त्याचे तळहात शेकत होती. काखाही सोलल्यात. पेटी स्टेशनमास्तरांकडे ठेवून दोन मैल कुबड्यांवर आला.
स्टेशनवर एक टांगा होता, म्हणाला. आत एकच माणूस, पाठमोरा. हाक मारली, पण टांगा निघून गेला.
वृंदाने माझ्या कोटाकडे पाहिलं. तिसरं पाकीट तिच्यासमोरच उघडलं. चार ओळी होत्या.
"दादा, तू इकडे यायच्या खटाटोपात पडू नकोस. कंपनी मला घरी पोचवते आहे, मागल्या पत्रात लिहिलंच आहे. रविवारी सकाळी बोट मुंबईला लागेल, दुपारच्या गाडीने बदलापूरला उतरेन. गावापर्यंत चालणं जमणार नाही, जनूचा टांगा तेवढा धरून ठेव."
धरला होता.