याच्या पुढे मला माहीत नाही

२४ फेब्रुवारी

निळा धागा संपलाय! लाल आहे, पांढरा आहे, निळा नाही. आईची जुनी शिवणाची पेटी उपसली तेव्हा तळाशी वीतभर सापडला. वीतभर पुरे. दोन मार्तेनित्सा वळल्या, एक मार्चला मनगटाला बांधायचे लाल-पांढरे दोरे. एक माझ्या मनगटाला, एक माझ्या लेकीला, झोरीला. दुकानांत आता ढिगाने मिळतात, त्यांना बाहुल्या काय, चमकी काय! निळा धागा मात्र कुणी घालत नाही. तो आमच्या आईचा. पोरांना दृष्ट लागू नये म्हणून. आणि गाठ माझी, वखारीत ओंडक्यांना चिठ्ठ्या बांधायची, दुहेरी.

पाकिटावर प्लोव्दिव शहरातला पत्ता घातला, झोरी आईजवळ राहते तिथला. गेल्या वर्षी सोबत नकाशाही पाठवला होता. पाणचक्कीपासून खिंडीतल्या दगडी पाणवठ्यापर्यंतची वाट, पेन्सिलीने, वळण न् वळण. पाणवठ्याशी रेघ थांबवली आणि लिहिलं, 'याच्या पुढे मला माहीत नाही.' उत्तर नाही आलं. पंधरा वर्षांच्या पोरी बापाला पत्र लिहीत नसतात म्हणे. हे मला वखारीतल्यांनी सांगितलं. बरं वाटावं म्हणून सांगितलं.

यंदा नकाशा नाही. नवी वाटच नाही तर नकाशा कसला!

१ मार्च

बांधली. बाहेर ढोपरभर बर्फ. सायकल स्वयंपाकघरात, चुलीशेजारी. बिसेरा, झोरीची आई, अजून या घरात असती तर सायकल आणि मी, दोघेही अंगणात असतो.

१५ मार्च

मार्तेनित्सा कधी सोडायची याचा जगाचा नियम सोपा आहे. करकोचा दिसला किंवा फुललेलं झाड दिसलं, की मनगटातून काढायची आणि फांदीला बांधायची. आमचा नियम अवघड. झोरीने सहाव्या वर्षी केलेला. झाड फुललेलं तर हवंच, शिवाय ते अशा वाटेवर हवं जिथे आपण दोघं आधी कधीच गेलो नाही. "नाहीतर काय गंमत, बाबा!" सात वर्षं पाळला आम्ही. दरवर्षी नवी वाट. तिची छोटी सायकल, मग मधली, मग मोठी.

गेल्या वर्षी मी एकट्यानेच नियम मोडला. वखारीमागच्या जर्दाळूला बांधून मोकळा झालो. तिची बहुधा कचऱ्याच्या डब्यात गेली असेल. गेली असेल तर चूक तिची नाही.

यंदा मोडायचा नाही. पाणवठ्याच्या पुढे जायचं.

१६ मार्च

शेजारच्या खैरीकाकांकडे गेलो. त्यांच्या बकऱ्या सगळा डोंगर हिंडतात, त्यामुळे डोंगर त्यांना बकऱ्यांइतकाच ठाऊक. चहा ठेवला, बटाट्याची पोळी कापली, आणि मग मला फैलावर घेतलं.

"अरे, डोंगर चढायला म्हणून सायकल घेतोस आणि अर्ध्या वाटेवर तीच तुझ्या खांद्यावर बसते. बसायचं कुणी कुणावर, ते तरी ठरवा!"

मी म्हटलं, काका, पाणवठ्याच्या पुढे वाट आहे का?

"आहे की. खेचरांची जुनी वाट. पलीकडच्या गावात उतरते, तिथे प्लोव्दिवची बस थांबते. पण उतार खडा आहे हो. एका जागी तर माझ्या बकऱ्यासुद्धा विचार करतात."

उतार म्हटल्यावर माझा हात पोळीवरच थांबला. काकांनी बघितलं. आणखी एक तुकडा वाढला.

२ एप्रिल

आज वखारीत फजिती. कुणीतरी ओरडलं, "करकोचा! करकोचा!" सगळे करवती सोडून अंगणात. मी डोळे गच्च मिटून भुश्यात उभा! बघितला तर मनगटातली काढावी लागेल, आणि वाट तर अजून झालीच नाही. "स्तामेनला काय झालं?" "डोळ्यात भुसा गेला." "दोन्ही डोळ्यांत?" दिवसभर हसले मेले.

५ एप्रिल

पाणवठ्यापर्यंत गेलो. वर अजून बर्फाची ठिगळं. पाणी प्यायलो, ज्या मेलेल्या माणसाच्या नावाने तो बांधलाय त्याला रीतीप्रमाणे 'देव क्षमा करो' म्हटलं. त्याच्या पुढे आपल्या गावच्या सायकलवाल्या पोरांनी झाडांना लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बांधल्यात, नव्या वाटेच्या खुणा म्हणून. चार पट्ट्या ओलांडल्या. मग उतार सुरू झाला.

परत फिरलो. धुकं होतं असं स्वतःला सांगितलं. धुकं नव्हतं.

६ एप्रिल

इथे तरी खरं लिहू दे. ही वही कोण वाचणार आहे!

दीड वर्षापूर्वीचा सप्टेंबर. तीही नवीच वाट होती, सनाटा गावाच्या वरची. मधे पुरुषभर उंचीचा खडकाचा टप्पा. मी आधी उतरलो आणि खाली थांबलो. झोरी वर. पाय जमिनीला टेकवलेले. म्हणाली, "बाबा, उतरून चालत येऊ?" चांगलं दोनदा विचारलं. मी काय म्हणालो? "अगं भित्रे, चाकाकडे बघू नको, पुढे बघ! मी खाली थांबतो. ये!"

ती आली. माझ्यावर भरवसा होता ना.

हात दोन ठिकाणी मोडला. हे अपघात म्हणून विसरता आलं असतं. पण दवाखान्यात बिसेरा धावत आली, आम्ही वेगळे होऊन तेव्हा दोनच वर्षं झालेली, आणि तिने विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "उतरून चाल म्हटलं होतं मी. ऐकलं नाही तिने."

सगळं खापर तेरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर. झोरी पलंगावर जागी होती. मी शब्द गिळायला गेलो तोवर ते बाहेर पडले होते. ती रडली नाही, खोटं बोलतोस म्हणाली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून तिने मला बाबा म्हटलेलं नाही. काहीच म्हटलेलं नाही.

आणि मी काय करतोय? धागे पाठवतोय.

१२ एप्रिल

पाऊस. साखळीला तेल. मन लागत नाही.

१९ एप्रिल

क्रमाने लिहितो.

सकाळी सातला निघालो. पाणवठा नऊला. पट्ट्या मोजत पुढे गेलो, अकराव्या पट्टीनंतर पट्ट्या संपल्या. पोरांचा उत्साह तिथवरच! पुढे दोन वाटा. उजवी रुंद, माथ्यावरून जाणारी, सोपी. डावी खाली दरीत. मी उजवीकडे चाक वळवलंसुद्धा. तेवढ्यात डावीकडे, थोडं खाली, झाडात काहीतरी फडफडलं. लाल-पांढरं. उन्हाने विटलेली पट्टी दिसते तसं. म्हटलं, अरे, खूण तर इकडे आहे!

मग इथेही तसाच खडकाचा टप्पा आला. काकांच्या बकऱ्या विचार करतात तो हाच असणार. काठावर आलो, ब्रेक दाबले, पुढे बघितलं. मला येतं हो उतरता. पंचवीस वर्षं हेच केलंय. पण मी सायकलवरून उतरलो. ती धरली आणि एकेक पाय टाकत, बुडावर घसरत खाली आलो. आयुष्यात पहिल्यांदा. कुणी बघत नव्हतं, आणि बघत असतं तरी चाललं असतं.

खाली थोडी सपाट जागा. गवत. मधोमध एक रानटी आलुबुखाराचं झाड, पांढरंशुभ्र फुललेलं, मधमाशा नुसत्या घोंघावत होत्या. माझी पट्टी त्याच्याच फांदीला.

ती पट्टी नव्हतीच. मार्तेनित्सा होती. एका हिवाळ्याची तरी जुनी. लाल विटून गुलाबी झालेला, पांढरा मळून राखाडी. आणि मधे निळा धागा! निळा तेवढा होता तसा होता.

गाठ बघितली. दुहेरी. माझी.

गेल्या वर्षी पाकिटात घालून पाठवलेली ती हीच. झोरी इथे आली होती. माझा नकाशा पाणवठ्याशी संपत होता, 'याच्या पुढे मला माहीत नाही' मीच लिहिलं होतं, आणि ती त्याच्या पुढे आली. फुललेलं झाड, नवी वाट, दोन्ही अटी पुऱ्या! मी जर्दाळूला बांधून मोकळा झालो आणि पोरीने नियम पाळला. मला एका शब्दाने कळवलं नाही. मी शोधीन की नाही ते बघत असेल. की बघतही नसेल, फक्त नियम म्हणून. तेही मला पुरे आहे.

रडलो. लिहायला लाज कसली! माझी सोडली आणि तिच्याशेजारी बांधली.

२० एप्रिल

बिसेराला फोन केला. वखारीच्या जेवणाच्या सुट्टीत, ओंडक्यांच्या मागे उभं राहून. आधी म्हणालो, हवा कशी आहे. ती म्हणाली, "हवा विचारायला फोन करणारा तू नाहीस. बोल." मग सांगितलं. सनाटाचा टप्पा, ती दोनदा विचारते, मी 'ये' म्हणतो, आणि दवाखान्यातलं खोटं.

मग —

"दीड वर्ष, स्तामेन! दीड वर्ष मी त्या पोरीला ऐकवतेय. बापाचं ऐकलं असतंस तर हात धड राहिला असता! उठता बसता ऐकवलंय. आणि ती हूं नाही की चूं नाही. माझ्या तोंडून तू हे वदवलंस!"

मी म्हणालो, हो.

"हो काय, हो!"

ऐकून घेतलं. तिचा राग जरा ओसरल्यावर झाडाचं सांगितलं. म्हटलं, गेल्या एप्रिलमध्ये ती सायकलवर एकटी एवढ्या लांब आलीच कशी?

"कसली सायकल? सायकल मी भाच्याला देऊन टाकली. ती बसतच नाही आता. उतार नुसता बघितला तरी हात पोटाशी धरते." मग तिला गेला एप्रिल आठवला. "मैत्रिणीकडे जाते म्हणाली होती. परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणे, मैत्रिणीकडे मोठं कुत्रं आहे. मी विश्वास ठेवला. मला काय, तुमच्या घरात कुणीही काहीही सांगावं!"

म्हणजे चालत. बसने पलीकडच्या गावात उतरून, चढ चढून, चालत.

मी बिसेराला म्हटलं, तूच सांगतेस का तिला, की मी सगळं कबूल केलं?

"मी माझी माफी मागेन तिची, आज संध्याकाळीच. तुझं तू निस्तर."

बरोबर आहे तिचं.

२२ एप्रिल

पाच कागद फाडले. कुठल्या ना कुठल्या ओळीत 'पण' येतोच, आणि तिथेच घोडं पेंड खातं. शेवटी 'पण' न घालता लिहिलं —

'झोरी, तू दोनदा विचारलंस. मी ये म्हणालो. नंतर आईला खोटं सांगितलं आणि तू ऐकलंस. तुझी काही चूक नव्हती. आईला आता खरं सांगितलंय. तुझं झाड सापडलं.'

खाली नकाशा. पाणवठ्यापासून अकरा पट्ट्या, दोन वाटा, टप्पा, झाड. टप्प्याशी लिहिलं, 'इथे मी उतरून चाललो.' झाडाशी रेघ थांबवली. पुढे तेच, गेल्या वर्षीचं वाक्य.

२३ एप्रिल

टाकलं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "पुन्हा प्लोव्दिव? यंदा पाकीट जाड दिसतंय."

३० एप्रिल

काही नाही.

३ मे

काही नाही. खैरीकाका कुंपणावरून म्हणाले, "पोस्टमनकडे असा बघू नको रे. तो घाबरून वाट बदलेल." हसलो. किती दिवसांनी.

५ मे

पाकीट. अक्षर तिचं. मोठं झालंय अक्षर.

आत माझाच नकाशा. झाडापासून पुढे निळ्या पेनाने रेघ वाढवलेली, ओढ्यावरून, गोठ्याच्या मागून, थेट पलीकडच्या गावातल्या बसथांब्यापर्यंत. थांब्याशी लिहिलंय —

'बाबा, शनिवारी अकराची बस. सायकल घरी ठेव. टप्प्यावर घाई करू नको, बसून उतर. मी खाली थांबते.'