क्रमांक एकच्या जादा किल्ल्या

३ नोव्हेंबर, सोमवार
काल तुळशीचं लग्न झालं. आता माणसांची. या सीझनला आपलं वधू-वर केंद्र पूर्ण शास्त्रशुद्ध चालवायचं.

कम्प्युटरचं काम बघणारी समीना म्हणते, मॅडम, आपला डेटाबेस की-व्हॅल्यू हाय. नोंदणी क्रमांक दिला की बायोडाटा देतो, दुसरं काय विचारलं की गप. म्हणजे कुणी इंजिनिअर मुलगा मागितला की सगळी मुलं एकेक उघडून बघा. उपाय: सेकंडरी इंडेक्स. जादा किल्ल्या. 'इंजिनिअर' नावाची किल्ली दाबली की त्या मुलांचे क्रमांक निघतात.

मला लगेच समजलं. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेटच्या लायब्ररीत हेच होतं. पुस्तक एक, कार्डं तीन: लेखकाचं, नावाचं, विषयाचं. ड्रॉवर उघडला की जुन्या कागदाचा गोडसर वास यायचा. समीनाला म्हटलं, मी हे १९७५ पासून करते आहे. ती चहा ठेवायला गेली.

तत्त्व: सगळी मुलं मला सारखीच. आमचा ऋषिराज क्रमांक एकवर आहे तो निव्वळ योगायोग. केंद्र सुरू केलं तेव्हा तो समोर जेवत बसला होता.

५ नोव्हेंबर
किल्ल्या तयार. समीनाचा नियम असा की किल्ली बायोडाटावरून आपोआप बनते. बायोडाटा बदलला की तीही बदलते. ऋषिराज 'शेती', 'रहिमतपूर' आणि 'वय ३४' एवढ्यातच निघाला.

'शेती' अजून कुणी दाबलेली नाही. मुलींच्या आयांना शेत हवं, शेतकरी नको. नोकरी पुण्यात, ऊस गावाला, सासू-सासरे फोटोत.

मशीनला माणूस कळत नाही. थोडी मदत करावी लागेल.

८ नोव्हेंबर
आपोआपचा नियम बंद केला. मी हाताने केलेल्या किल्ल्या पुसून टाकत होता. उद्धट.

ऋषिराज आता 'पुणे'मध्ये आहे (हॉस्टेलला होता), 'इंजिनिअर'मध्ये (विहिरीवरची मोटर तोच दुरुस्त करतो), 'आर्मी'त (चुलते सुभेदार). 'सासूचा त्रास नाही' यातही घातला. हे तर शंभर टक्के खरं. मी काही टिपिकल सासू नाही. सून आली की काटा-चमचा कसा धरायचा ते मी स्वतः शिकवणार. रोज सकाळी सहाला उठवून. प्रेमाने.

समीना म्हणाली, आवं मॅडम, पोरगं हाय का धर्मशाळा?

१२ नोव्हेंबर
सांगलीकडून एका मुलीच्या वडिलांचा, दादासोंचा फोन. मुलगी शिवांजली, बँकेत आहे. म्हणाले, आवं बाई, तुमच्या साइटवर पुणे दाबलं तर ह्योच, मिलटरी दाबलं तर ह्योच. तुमच्याकडं पोरगं एकच हाय व्हय? मी म्हटलं, गुणी मुलगा सगळीकडे दिसतोच. त्यांनी फोन बाजूला धरून घरातल्यांना हसत काहीतरी सांगितलं. प्रभावित झाले असावेत. रविवारी येतो म्हणाले, बघू तरी काय चीज हाय.

१४ नोव्हेंबर
जेवताना ऋषिराजला बातमी दिली. त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, आई, ते सगळं काढ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लोक विचारतात, काय सुभेदार, ट्रॉली कवा हलवताय? तू काढत नसशील तर मीच माझी नोंद काढून टाकतो.

मी म्हटलं, आधी आमटी घे. मुलगी बघायच्या आधी मुलं असंच बोलतात. शाळेत गॅदरिंगच्या आधी त्याच्या पोटात दुखायचं. पाठीवरून हात फिरवला की झोपायचा. आज हात फिरवायला गेले तर उठून गेला. दमला असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार
पाहुणे आले. मी सिस्टरच्या पद्धतीचा प्लम केक केला होता. दादासोंनी त्याच्याबरोबर शेव मागितली.

टॅब उघडून 'पुणे' दाबलं. क्रमांक एक. तो दाबला: नोंद सापडली नाही. 'आर्मी'. क्रमांक एक. नोंद सापडली नाही. 'इंजिनिअर'. तेच. दादासो म्हणाले, बाई, किल्ल्या लय हायत, खोलीच न्हाई. समीना कोपऱ्यातून म्हणाली, ऋषिराजदादांनी नोंद काढली, मॅडम; नियम चालू असता तर किल्ल्याबी गेल्या असत्या. मी नेटवर्कला दोष दिला.

तेवढ्यात ऋषिराज शेतातून आला, पायाला चिखल. शिवांजलीने सरळ विचारलं, नक्की करता काय? म्हणाला, ऊस, थोडी हळद. इंजिनिअर नाही, आर्मी नाही, पुण्याला कंटाळून परत आलो. ती हसली. मग तिने विचारलं, आणि सासूबाई? तो माझ्याकडे बघून तिला म्हणाला, अंगणात चला, सांगतो. लाजला असावा. नंतर दोघं अंगणात खूप वेळ बोलत होती. केक तसाच उरला.

१९ नोव्हेंबर
दादासोंनी खरा बायोडाटा मागितला. ऋषिराजने स्वतः बसून नवी नोंद केली, समीनाने नियम चालू केला, आणि दुपारी सांगलीहून होकार! शेवटी माझ्याच सिस्टिमने जुळवलं. पेढे सांगितले.

संध्याकाळी सहज त्याच्या किल्ल्या बघितल्या. 'शेती'. 'रहिमतपूर'. आणि एक नवीनच, मी न केलेली: 'घरी दोघंच'. भरून आलं. दोघंच तर आहोत, तो आणि मी.

नोंद उघडली. आईच्या रकान्यात लिहिलंय: साताऱ्याला वेगळ्या राहतात.

मला आजच कळलं.